बैठक आधी, भिंत नंतर

घराची बाहेरची खोली नव्याने लावायची ठरली की पहिला वाद रंगावरून होतो. एकाला भिंत आधी रंगवायची असते, दुसऱ्याला सोफा आधी घ्यायचा असतो, तिसरा टीव्हीची भिंत कुठली ते ठरल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि घरातले वडीलधारे माणूस ‘आधी छताची गळती बघा’ असे सांगून सगळ्यांनाच भानावर आणते. सुतार, रंगारी आणि इंटिरियरवाला यांची उत्तरे आपापल्या धंद्याप्रमाणे निराळी, हे ओघानेच आले. पण प्रश्न आजचा नाही. पेशवाईपासून आजपर्यंत मराठी घराने आपली बाहेरची खोली अनेकदा मुळापासून बदलली, आणि त्या बदलांची सुरुवात कुठून झाली हे जुन्या खिडक्यांत, फरशीत, तसबिरींच्या खिळ्यांत आणि रोजच्या बोलण्यात अजून वाचता येते. ते नीट वाचले तर माझ्या मते एकच उत्तर निघते. सुरुवात दर वेळी बसण्यापासून झाली. कोण, कुठे, कशावर आणि जमिनीपासून किती उंच बसणार हे बदलले, आणि मग भिंत, दिवा, चित्र, फरशी ही मंडळी मागाहून आपापली जागा शोधत आली.

मराठीत या खोलीला बैठक म्हणतात यातच निम्मे उत्तर आले. बैठक म्हणजे बसणे, बसायचे अंथरूण, बसायची खोली आणि बसलेल्यांची सभा. चारही अर्थांना एकच शब्द पुरतो. फडावरची लावणी वेगळी आणि बसून अदा करायची ती बैठकीची लावणी वेगळी. एखाद्याच्या लिखाणाला वैचारिक बैठक नाही असे आपण म्हणतो तेव्हाही खाली काहीतरी अंथरलेले असावे अशीच अपेक्षा असते. सत्तेला नावे दिली तीही बसायच्या वस्तूंचीच: साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी, आणि आता खुर्ची. दिवाणखाना हा शब्द फारसीतून आला. दिवाण म्हणजे दरबार, दप्तर आणि त्याचा कारभारी. तुर्कस्तानात भिंतीलगतच्या गाद्यांच्या बैठकीलाही दिवाण म्हणू लागले, तो अर्थ युरोपात गेला, इंग्रजीत दिवाण हे नुसते आसन उरले, आणि विसाव्या शतकात तेच आसन, पोटात अंथरुणे ठेवायची पेटी घेऊन, मराठी हॉलमध्ये येऊन पडले. ज्याच्या नावाने खोली ओळखली जायची तो दिवाण पलंग होऊन त्याच खोलीत परतला. टीपॉयचेही तसेच. ती मुळात आपली तीन पायांची तिपाई. इंग्रजांच्या कानांनी तिच्या नावात चहा ऐकला आणि आपण ती चहाचे टेबल म्हणून परत घेतली, बहुधा चार पाय लावून.

पेशवाईतल्या दिवाणखान्यात माणसे नसताना कोणी डोकावला असता तर त्याला खोली रिकामीच वाटली असती. हलवण्याजोगे सामान म्हणजे कापूस आणि कापड. खोलीभर सतरंजी किंवा जाजम, मानाच्या बाजूला गालिचा, मुख्य भिंतीशी पांढऱ्या अभ्र्याची गादी, तिच्या पाठीशी लोड, दोहों अंगांना तक्के आणि गिरद्या. पुढ्यात विड्याचे तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, जरा बाजूला पिकदाणी. एवढे मांडले की खोली तयार. बैठक उठली की हे सगळे गुंडाळून फडताळात जाई आणि त्याच जागी रात्री पाहुण्यांची अंथरुणे पडत. कोणाचा मान किती हे गादीपासूनच्या अंतरावरून कळायचे. लोडाला टेकणारा एक, गालिच्यावरचे चार, जाजमावरचे वीस, आणि जाजमाच्या काठाबाहेर हात जोडून उभे राहिलेले किती ते कोणी मोजत नसे.

याचा एक पुरावा लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्धच्या तहासाठी पुण्यात सवाई माधवरावांचा दरबार भरला आणि इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट तिथे हजर झाला. पुढे पुण्यात येऊन राहिलेल्या जेम्स वेल्सने केलेल्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये त्या प्रसंगाचे मोठे तैलचित्र पुरे केले. चित्र पंधरा वर्षांनंतरचे, तेव्हा एकेका चेहऱ्याची हमी त्यातून मागू नये. बसण्याची रीत मात्र त्यात स्पष्ट दिसते: पेशवे गादीवर, आणि लष्करी पोशाखातले साहेबलोकही तंग विजारी सांभाळत खालीच बसलेले. शनिवारवाड्याचा तो महाल १८२८ च्या आगीत गेला, म्हणून या चित्राचे मोल अधिक. महालाचे खांब, कमानी आणि छत यांवर कारागिरी ओतलेली आहे. जमिनीवर मात्र वस्त्राखेरीज काही नाही.

ही बैठक आधी आणि बाकीची खोली नंतर, हे वाड्यांची बांधणीच सांगते. माडीवरच्या दिवाणखान्याच्या खिडक्या बऱ्याच वाड्यांत जमिनीलगत, हातभर उंचीच्या आतच सुरू होतात. आजच्या माणसाला त्या विचित्र वाटतात, मूल पडेल अशी धास्ती वाटते. पण गादीवर बसून रस्त्यावरची मिरवणूक पाहायची तर खिडकी तिथेच हवी. कोनाडे आणि दिवळ्याही अशा उंचीवर की बसल्या जागेवरून हात लांबवला की पानाचा डबा यावा. लोडाला रेललेल्या माणसाची नजर समोरच्या भिंतीपेक्षा वर जाते, म्हणून तख्तपोशीची नक्षी, केळफुलांसारखी लाकडी लोंबणी, हंड्या आणि झुंबरे. पुण्याच्या नानावाड्यातले किंवा दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यातले सुरूदार खांब उभ्याने पाहिले तर देखणे वाटतातच, पण मांडी घालून त्यांच्या पायथ्याशी बसावे आणि तळापासून निमुळती होत जाणारी ती सुरूची आकृती वर कमानीत कशी उमलते ते पाहावे. सुताराने कोणाच्या डोळ्यांसाठी काम केले ते लगेच समजते.

यावर कोणी म्हणेल की ही सारी हवामानाची करामत. उकाड्याच्या देशात लोक गार जमिनीवर बसणारच, त्यात बैठकीचे तत्त्व कसले शोधता? दुसरा म्हणेल, हा सोवळ्याओवळ्याचा मामला. हवामानाचा मुद्दा फार लांब जात नाही, कारण गोव्याची हवा कोकणाहून वेगळी नाही आणि तरी तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची ‘साल’ नावाची मोठी खोली कोरीव खुर्च्यांनी भरलेली असते. खुर्च्या भिंतीकडेने रांगेत आणि मधली जमीन मोकळी, कारण तिथे नाच व्हायचा. चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या घरात तर नृत्याचे स्वतंत्र दालनच आहे. तिथून जवळच्याच हिंदू घरात राजांगणाभोवतीच्या सोप्यात लोक खाली बसत. पाऊस दोघांच्याही कौलांवर सारखाच पडायचा. सोवळ्याचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. सुती कापड विटाळते, लाकूड तसे चटकन विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणून जेवायला लाकडी पाट, सोवळ्यात नेसायला मुकटा किंवा धाबळी. कापसाची गादी आणि सुती सतरंजी म्हणजे ओवळ्याचे सामान. ती बाहेरच्या खोलीत आली, कारण घरातली सर्वांत ओवळी खोली तीच. नाना जातींची, नाना कामांची माणसे जिथपर्यंत येणार तिथपर्यंत गादी, आणि त्याच्या आत पाट. म्हणजे खोलीची हद्दसुद्धा आसनानेच आखली होती.

खुर्ची आली ती आराम म्हणून आली नाही, अधिकार म्हणून आली. हैदराबादच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट जोडे काढून खाली बसत असे. १८६९ मध्ये लहानगा मीर महबूब अली खान गादीवर आला तेव्हा इंग्रजांनी ती रीत मोडली आणि बूट घालून खुर्चीवर बसायचा हक्क वसूल केला. मराठवाडा ज्याच्या राज्यात होता त्या दरबारातली ही गोष्ट. वरवर पाहता दीड हाताच्या उंचीचे भांडण, पण दोन्ही बाजूंना त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता. कचेरीत साहेबाला खुर्ची, शिरस्तेदाराला बैठे मेज, आणि ज्याला साहेब बसायला खुर्ची देई त्याचा गावात बोलबाला. कचेरीतून ती घरात शिरली तीही आधी एकटीच. ओसरीवर मामलेदार, डॉक्टर किंवा इन्स्पेक्टर आला तर आतून काढायची ती खुर्ची. पण एक खुर्ची घरात आली की बैठकीचे गणित बिघडते. पाहुणा वर आणि आजोबा खाली, हे कसे चालावे? मग आजोबांना आरामखुर्ची, मग दोघांना मिळून बाक, मग चार वेताच्या खुर्च्या आणि मध्ये टेबल. वर बसलेल्या माणसाला पेला खाली ठेवता येत नाही, एवढे साधे कारण त्या टेबलामागे आहे. मुंबईत शिसवी लाकडाचे, अंगभर कोरलेले फर्निचर एकोणिसाव्या शतकात साहेब आणि पारशी शेटजी यांच्यासाठी बनत होते. मराठी सुस्थित घरांनी त्याच्या साध्या आवृत्त्या उचलल्या.

वर बसून चहा घेणे म्हणजे काय हे पुण्याला १८९० च्या ऑक्टोबरात कळून चुकले. पंचहौद मिशनमध्ये बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर मांडली. त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले. वाद कपातल्या चहाचा आणि तो कोणाच्या हातचा याचा, हे खरेच. पण परक्याच्या बैठकीत त्याच्या रीतीने बसलो की त्याच्या रीतीचे खाणेपिणेही पुढ्यात येते, हे त्यातून सगळ्यांच्या लक्षात आले. म्हणूनच पुढची बरीच वर्षे कितीतरी घरांत बाहेर टेबल-खुर्ची आणि आत पाट अशी दुहेरी व्यवस्था टिकली. वकीलसाहेब बाहेर कोट घालून खुर्चीवर आणि आत धाबळी नेसून पाटावर. एकाच माणसाच्या दोन उंच्या.

फरशीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. जोवर जमिनीवर बसायचे तोवर ती सारवलेली असो की शहाबादी असो, तिच्यावर काहीतरी अंथरायचेच होते. अंथरलेल्या जाजमाखाली नक्षी कोण पाहणार? सतरंजी उचलली गेली, खुर्च्यांचे पाय आले, आणि मग जमीन उघडी पडली. नक्षीदार फरशी मराठी शहरी घरांत रुजली ती याच वेळी. आधी विलायतेतून येणाऱ्या मिंटनच्या फरश्या सरकारी आणि श्रीमंती इमारतींत बसल्या; १९२२ मध्ये मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही स्वदेशी कंपनी निघाली आणि सिमेंटच्या रंगीत फरश्या इथेच होऊ लागल्या. त्या काळातल्या घरांतली फरशी नीट पाहा. कडेने पट्टा, मध्ये फुलांचा किंवा चौकोनांचा पट. हा तर गालिचाच, फक्त न गुंडाळता येणारा. जाजम गेले आणि त्याचे चित्र फरशीवर उमटले. हे उगीच झाले असे मानायला मी तयार नाही.

आता सर्वांत जड आक्षेपाकडे वळतो. भिंतींचे काय? मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत, नानावाड्यातही आहेत. आणि छापील चित्रांनी तर मराठी घराचा चेहराच बदलला. पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली, रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस, शकुंतला हे सारे थोड्या पैशांत भिंतीवर आले. बायकांनी त्या चित्रांतल्या देवींना जरीचे काठ आणि टिकल्या शिवून खरे लुगडे नेसवले. इथे तर बसण्याचा काही संबंध नाही. सजावट सरळ भिंतीपासून सुरू झाली, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे वरवर अगदी बिनतोड वाटते.

पण या तसबिरी टांगल्या कुठे ते पाहावे. जुन्या घरांत त्या छताच्या तुळईला जवळजवळ भिडलेल्या असतात, आणि वरची कड भिंतीपासून सुटून पुढे झुकलेली. खालची कड दोन लहान खिळ्यांवर टेकलेली, वर दोरी किंवा तार, आणि चौकटीच्या मागच्या त्रिकोणी पोकळीत चिमण्यांचा संसार. उभ्या माणसाला असे चित्र पाहायला मान मोडावी लागते. खाली बसलेल्या माणसाला मात्र ते थेट आपल्याकडे वाकून पाहते आहे असे दिसते. काचेवरची चकाकी टाळण्यासाठी चित्र पुढे झुकवायची चाल युरोपातही होती, हे मान्य; एकट्या कलण्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. पण एवढी उंची आणि कलणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या जमिनीवर बसलेल्या डोळ्यासाठी, असे मला वाटते. उंचीला आणखी एक कारण होते. देवाची किंवा वाडवडिलांची तसबीर आपल्या पाठीशी, डोक्याच्या खाली येता कामा नये. बसलेल्याचे टेकलेले डोके तिला लागता कामा नये. तेव्हा भिंतही बैठकीनेच आखून दिली होती. मजा अशी की पुढे खुर्च्या आल्या, सोफे आले, तरी तसबिरी खाली उतरल्या नाहीत. दर दिवाळीआधी रंगारी त्या काढतो, मागची जाळी झटकतो, भिंतीला नवा हात देतो आणि पुन्हा त्याच खिळ्यांवर टांगतो. खालची माणसे दीड हात वर सरकली आणि भिंतीला त्याची खबरच नाही.

दुसरा आक्षेप असा की गादी-लोड-तक्क्यांचा हा इतिहास मूठभर सरदार-सावकारांचा, शेकडा नव्वद मराठी माणसांना दिवाणखाना कुठला होता? हा आक्षेप रास्त आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. आसन ज्यांना नाकारले गेले त्यांनाच त्याचे महत्त्व अधिक कळले होते. साताऱ्याच्या शाळेत डॉ. आंबेडकरांना बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे, इतरांपासून दूर अंथरावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. दिवाणखान्यातल्या गादीपासून जाजमाच्या काठापर्यंत आलेली ती उतरंड गावाच्या वेशीपर्यंत कशी पोचत होती, हे त्या गोणपाटाइतके दुसऱ्या कशाने दिसत नाही. त्याच माणसाने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. आपले बसायचे ठिकाण पुस्तकांच्या मधोमध असावे असे ठरवून बांधलेले घर त्या काळच्या मुंबईत फार नसणार.

आणि गिरणगावच्या चाळी? बीडीडी चाळींच्या २०७ इमारती १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथे कुठून सुरुवात करायची याची चर्चाच नव्हती: एका कोपऱ्यात मोरी, तिच्या बाजूला शेगडी, भांड्यांची मांडणी, वर माळा, आणि उरलेली जमीन. त्या उरलेल्या जमिनीवर दिवसाचे चोवीस तास वाटून घेतलेले असत. रात्रपाळीचा झोपलेला, पोरे अभ्यासाला बसलेली, मग पंगत, मग पुन्हा अंथरुणे. ट्रंकेवर भरतकामाचा रुमाल टाकला की पाहुण्याची बैठक झाली. दारातली गॅलरी हीच खरी बैठक होती असेही म्हणता येईल. कमी जागेत सजावट मरत नाही, उलट बसण्या-झोपण्याच्या हिशेबाशी अधिक घट्ट बांधली जाते.

बायकांचा मुद्दा मी आतापर्यंत टाळला, कारण जुन्या दिवाणखान्यानेही तो टाळला होता. तिथे त्यांचे बसणे नव्हते. त्यांची बैठक माजघरात, झोपाळ्यावर, हळदीकुंकवाच्या दुपारी. बाहेरच्या खोलीत त्या आल्या त्या उभ्याने, तबक ठेवायला; आणि आयुष्यात एकदा बसल्या त्या पाटावर, लग्नासाठी दाखवायच्या कार्यक्रमात. मुलाकडची मंडळी खुर्च्यांवर, मध्यभागी रांगोळीने वेढलेला पाट, त्यावर खाली मान घालून मुलगी. या एका मांडणीत खोलीतले सगळे संबंध उंचीच्या मापाने मांडलेले होते. पुढे पाटाऐवजी खुर्ची आली, मुलगी समोर बसून प्रश्न विचारू लागली. त्या खोलीच्या इतिहासात हा बदल झुंबर जाऊन ट्यूबलाइट येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मुंबईच्या ब्लॉकने त्याला हातभार लावला. दादर, शिवाजी पार्क भागात १९३० नंतर उठलेल्या इमारतींत बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत उरली, माजघर गळाले. १९३७ मध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले ते याच नव्या फ्लॅटवाल्या कुटुंबासाठी. बैठक जाऊन ‘हॉल’ आला, आणि हॉलमध्ये घरातली बाई पाहुण्यांसमोर सोफ्यावर बसली.

टीव्हीबद्दल फार लिहायची गरज नाही, तो सगळ्यांनी पाहिला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि काही वर्षांत शटरच्या लाकडी कपाटातला, वर क्रोशाचा रुमाल ल्यालेला संच हॉलच्या मानाच्या भिंतीशी जाऊन बसला. हा वस्तूचा विजय, माणसाच्या बैठकीचा पराभव, असे म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. टीव्हीने केले ते पेशव्यांच्या गादीनेच केले होते: सगळ्यांची तोंडे एका बाजूला वळवली. आणि १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा शेजारपाजारची पंचवीस-तीस माणसे त्या हॉलमध्ये कशी मावत? खुर्च्या मागे सारून, सतरंजी अंथरून. कोणी संचाला हार घाली, उदबत्ती लावी. मानाची जागा त्याला आधीच मिळालेली होती.

मग आजच्या घरात, भिंतीचा रंग आधी की सोफा आधी? याचे उत्तर कॅटलॉगमध्ये शोधण्याआधी वर्षातून एकदा आपणच काय करतो ते आठवावे. गणपती येतो तेव्हा आपण त्याला ठेवत नाही, बसवतो, घटही बसवतो. भाद्रपदाच्या आदल्या आठवड्यात घराघरात पहिला प्रश्न एकच असतो, यंदा बसवायचा कुठे. दारातून दिसला पाहिजे, आरतीला माणसे उभी राहिली पाहिजेत, समईला पंख्याचा वारा लागता कामा नये. जागा ठरली की चौरंग, चौरंगावरून मखराचे माप, मखरावरून पडदा, पडद्यावरून दिव्यांची माळ. सिंधुदुर्गात तर गणपतीची जागा ठरलेली म्हणून तिच्या मागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवून तिच्यावर चित्र काढतात आणि वर रानफळा-फुलांची माटवी बांधतात. भिंत आहे तीच, पण ती सजते मूर्तीच्या पाठीपुरती. इंटिरियरवाल्याला न विचारता, दोनशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये, हा सगळा क्रम बिनचूक पार पडतो. सोफा आतल्या खोलीत नाहीतर गॅलरीत जातो, टीपॉय पलंगाखाली, माळ्यावरची सतरंजी खाली येते, आणि ती अंथरून तिच्या काठाशी चपला काढल्या की भजनाला आलेली मंडळी कोणी न सांगता मांडी घालून बसतात.